जीभ कधी चावली, बोलायच्या आधी का बोलून झाल्यावर?

सिन्नरहून एका मुलीनं विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा, की बँकेच्या परीक्षेसाठी म्हणून इंग्रजी पेपर वाचायला घेतला, मग गोडी लागली आणि आता कादंबऱ्या वाचते, शब्द बऱ्यापैकी येतात पण मधेच असं एखादं वाक्य येतं की प्रत्येक शब्द ओळखीचा आणि वाक्य मात्र डोक्यावरून जातं. तीन वाक्यं दिलीयेत तिनं. कादंबरीतली आई मुलाला 'रेड हिम द रायट ॲक्ट', पेपरातल्या एका बातमीत 'द टॉक्स फेल थ्रू', आणि लग्नघरातल्या प्रसंगात एक म्हातारी नुसतंच पुटपुटते 'वेल, टू मेनी कुक्स', पुढे काहीच नाही. नेटवर हजार-हजार ईडियमच्या, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारांच्या, याद्या मिळतात त्या पाठ करू का, असं विचारते. आणि जाता जाता लिहिते की काही ईडियम मात्र सोपे जातात ताई, अगदी मराठीसारखेच असतात, उदाहरणार्थ 'शी वॉज डाइंग टू टेल हिम बट शी बिट हर टंग', म्हणजे ती बोलून गेली आणि मग जीभ चावली.

मी सुरुवात या शेवटच्यापासूनच करते, कारण जे तीन अडले ते तुम्ही आज ना उद्या शोधणारच होतात, पण हा जो 'सोपा' गेला ना, तो चुकलाय.

मराठीत आपण जीभ कधी चावतो? बोलून झाल्यावर. तोंडातून नको ते निघून जातं, लक्षात येतं, मग जीभ चावायची. इंग्रजीत 'बाइट वन्स टंग' म्हणजे बोलायच्या आधीच स्वतःला आवरणं, शब्द ओठावर आलेला असताना गिळणं. तुमच्या कादंबरीतली ती बाई सांगायला तडफडत होती आणि तिनं सांगितलं नाही. त्याला अजून काहीच माहिती नाहीये! आणि तुम्ही पुढची पानं त्याला सगळं कळलंय असं धरून वाचत असणार, आणि मग हा माणूस असा का वागतोय म्हणून कोड्यात पडणार. ते पान परत काढून बघा एकदा.

वीस वर्षांवर झाली मला इंग्रजी शिकवून आणि भाषांतरं करून, नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत क्लास आहे आणि हंगामात द्राक्षवाल्यांची पत्रं-कागद असतातच. एवढ्या वर्षांत अडलेल्या ईडियमनं माझं नुकसान कधीच केलं नाही. अडला की माणूस थांबतो, कुणाला विचारतो, डिक्शनरी उघडतो. नुकसान केलं ते न अडलेल्यांनी. एक सांगतेच, आता हसू येतं, तेव्हा रडायची पाळी आली होती.

नवीन नवीन काम घेत होते तेव्हाची गोष्ट. पिंपळगावकडच्या एका पॅकहाऊसच्या मालकाला बाहेरच्या खरेदीदाराचं पत्र आलं, डिसेंबर संपत आलेला, बागा उतरायच्या तयारीत. मालक वयानं मोठे, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. फोनवर मी पत्र वाचून मराठीत सांगत होते आणि त्यात वाक्य होतं, 'दिस सीझन वुई विल ऑल हॅव टू टायटन अवर बेल्ट्स'. मी क्षणभरही थांबले नाही हो. बेल्ट म्हणजे कंबरपट्टा, तो आवळायचा, म्हणजे कंबर कसायची. अण्णांना म्हटलं, ते म्हणतायत यंदा आपण सगळ्यांनी कंबर कसून कामाला लागायचंय. अण्णा खूश, त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाच किलोच्या कार्टनची जादा ऑर्डर देऊन टाकली. आणि खरेदीदार बिचारा सांगत होता की यंदा हात आखडता घ्यावा लागेल, खर्च कमी, माल कमी. बेल्ट आवळायचा तो पोट खपाटीला गेलंय म्हणून, खायला कमी आहे म्हणून! मराठीत कंबर कसतो तो पैलवान आणि इंग्रजीत बेल्ट आवळतो तो उपाशी माणूस, कृती तीच आणि अर्थ पार उलटे. अण्णा काही बोलले नाहीत, पण पुढे दोन वर्षं त्यांच्या शेडमध्ये गेले की तो कोऱ्या पुठ्ठ्यांचा ढीग दिसायचा आणि मी नजर चुकवायचे.

तेव्हापासून मी एक वेगळी वही ठेवलीय, त्यात फक्त असे जुळे दिसणारे आणि उलटे निघणारे. बहुतेक सगळे शरीराचे निघाले, आणि ते साहजिकच आहे, हात-पाय-डोळे-जीभ प्रत्येक भाषेकडे आहेत, त्यामुळे चित्र ओळखीचं वाटतं आणि आपण बेसावध होतो. सगळ्यात घातक बहुतेक हा: 'ही वॉश्ड हिज हँड्स ऑफ द डील'. क्लासमध्ये दहातले चार जण लिहितात, त्यानं त्या व्यवहारात हात धुऊन घेतले. म्हणजे मराठीत झालं काय, की वाहत्या गंगेत त्यानं स्वतःचा फायदा करून घेतला. इंग्रजीत तो म्हणतोय की माझा याच्याशी काही संबंध नाही, मी हात झटकले. बायबलमध्ये पाँटियस पायलट नावाचा रोमन अधिकारी येशूला शिक्षा सुनावायची वेळ आल्यावर लोकांसमोर पाणी मागवून हात धुतो आणि याच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही म्हणतो, तिथून आलाय तो. आणि मराठीत तिसरंच एक आहे, हात धुवून मागे लागणे! एकच हात, एकच पाणी, तीन अर्थ.

'पुलिंग माय लेग' घ्या. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे, खेकड्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. इंग्रजीत नुसती चेष्टा, गंमत, थाप मारून फजिती करणं. हल्लीची पोरं 'माझी खेचू नको' म्हणतात ते अगदी बरोबर बसतं, पण त्यात 'पाय' घातला की संपलं. किंवा डोळा. 'कीप ॲन आय ऑन द हाउस' म्हणजे घराकडे लक्ष ठेवा, नजर असू द्या, शेजाऱ्याला सांगतो ना आपण गावाला जाताना. आता त्याचं 'घरावर डोळा ठेवा' केलं तर शेजारी काय समजेल? मराठीत जमिनीवर डोळा म्हणजे ती लाटायची इच्छा. त्यात गोम अशी की इंग्रजीत 'कीप' काढून 'हॅव' घातलं, 'ही हॅज हिज आय ऑन दॅट हाउस', की ते आपल्या डोळ्याच्या जवळ येतं, त्याला ते घर हवंय. एका क्रियापदानं राखणदाराचा गिऱ्हाईक होतो.

आणि 'थिक स्किन'. आपण गेंड्याची कातडी म्हणतो ती शिवी आहे, कितीही बोला, निर्लज्जच. इंग्रजीत पुष्कळदा ते कौतुक असतं, सल्ला असतो, राजकारणात यायचं तर 'यू नीड अ थिक स्किन', टीका सोसायची ताकद हवी. इथं अर्थ तोच, चेहरा मात्र बदलला. घुबडाचंही तसंच, त्यांच्याकडे शहाणं, आपल्याकडे अवदसा.

मिठाचं मात्र मला फार आवडतं. 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणजे ऐका, पण सगळं खरं धरू नका. आपल्याकडे पण गोष्टीत मीठ आहेच, तिखटमीठ लावून सांगणे. फक्त आपल्याकडे मीठ सांगणारा टाकतो आणि त्यांच्याकडे ऐकणारा टाकतो. हे एकदा लक्षात आलं की दोन्ही वाक्प्रचार जन्मात विसरत नाही माणूस.

आता तुमचा खरा प्रश्न, की वाचताना ओळखायचं कसं आणि अर्थ लावायचा कसा. मी आधी उलटी बाजू सांगते. समजा मुंबईचा माणूस आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, जुलै-ऑगस्टचे दिवस, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, आणि कुणीतरी टाकलं की 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं'. बास. एवढंच. नाशिककराला लगेच कळतं, गोदाघाटावरची ती दोन तोंडांची मारुतीची मूर्ती आणि पूर किती हे मोजायची आमची पट्टी, गुडघे म्हणजे चालतंय, कंबर म्हणजे नदीकाठच्यांनी दुकान आवरा, आणि गळ्याच्या वर गेलं की विचारू नका. त्या मुंबईकराला मारुती कळतो, कंबर कळते, काहीच कळत नाही. पण तो हुशार असेल तर पुढचे दोन मेसेज वाचेल. पुढच्यानं लिहिलंय 'मामा, गाडी घाटावरून काढली का?' आणि त्याच्या पुढच्यानं 'सराफ बाजारात पाणी आलंय म्हणे'. मूर्ती बघितलेली नसतानाही त्याला कळेल की हे पाण्याबद्दल आहे, वाढतंय, आणि काळजीचं आहे. नेमकं किती फूट ते नाही कळणार, पण वाचायला एवढं पुरतं.

तसंच करायचं. ईडियम अडला की त्याच्याकडे टक लावून बघत बसू नका, पुढच्या दोन ओळी वाचा आणि स्वतःला विचारा की हे चांगलं झालं का वाईट, कुणी कुणाला केलं, आणि त्यानंतर समोरचा काय करतो. तुमची ती आई. मुलाला 'रायट ॲक्ट' वाचून दाखवला. पुढे काय आहे? तुम्हीच लिहिलंय की मुलगा मान खाली घालून खोलीत गेला आणि आठवडाभर वेळेवर घरी आला. मग सांगा मला, आईनं काय केलं असेल? चांगला दम भरला. झालं की. डिक्शनरी उघडायच्या आधीच नव्वद टक्के काम झालं.

पण याची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण इथं ते 'वाचणं' खरंखुरं होतं. इंग्लंडात १७१५ मध्ये रायट ॲक्ट नावाचा कायदा लागू झाला. बारा किंवा जास्त लोक दंगा करायला जमले की मॅजिस्ट्रेटनं त्यांच्यासमोर उभं राहून कायद्यातली ठराविक घोषणा मोठ्यानं वाचायची, आणि त्यानंतर तासाभरात जे पांगणार नाहीत त्यांना थेट मृत्युदंडापर्यंत शिक्षा. आपल्याकडच्या जमावबंदीचा जुना आणि फार कडक भाऊ समजा. तो कायदा तिकडं विसाव्या शतकात रद्द झाला, ईडियम राहिला. म्हणून याला नुसतं रागावणं म्हणून चालत नाही, यात 'पुन्हा केलंस तर बघ' हा इशारा असतोच. मराठीत मी 'चांगलंच खडसावलं' करीन. 'खरडपट्टी काढली' पण चालेल, पण खरडपट्टी झालेल्या गोष्टीची असते आणि रायट ॲक्टचं एक बोट पुढच्या वेळेकडे असतं.

अशी मुळं माहिती असली की ईडियम पक्का बसतो, मी क्लासमध्ये सांगतेही. 'क्रॉस द रुबिकॉन' म्हणजे इसवी सनापूर्वी ४९ मध्ये सीझरनं सैन्य घेऊन ओलांडलेली छोटीशी नदी, ओलांडली की युद्ध, परत फिरणं नाही. 'स्टिकी विकेट' तर आपल्याला शिकवायलाच लागत नाही, पूर्वी पिचवर झाकण नसायचं, पाऊस पडून वर ऊन आलं की चेंडू कसाही उसळायचा आणि बॅट्समनचे हाल, गोल्फ क्लब ग्राउंडच्या कट्ट्यावर बसणारे आजोबा हे तुम्हाला कुठल्याही सरांपेक्षा छान समजावतील. 'ॲट वन फेल स्वूप', एका झटक्यात, हे शेक्सपिअरच्या मॅकबेथमधलं, तिथं एका बापाला कळतं की त्याची बायको-मुलं सगळी मारली गेली, आणि तो मारणाऱ्याला घार म्हणतो, एका झडपेत पिलं आणि त्यांची आई उचलणारी घार. 'फेल' म्हणजे पडला नाही, जुन्या इंग्रजीतला 'क्रूर'. आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी मॅकबेथ 'राजमुकुट' म्हणून मराठीत आणलं, ऑथेल्लोही आणलं, आणि ईर्ष्येला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणायचं ते 'ग्रीन-आइड मॉन्स्टर' ऑथेल्लोमधलंच.

पण नेटवरच्या मुळांच्या गोष्टींवर चिमूटभर मीठ टाकाच. 'रूल ऑफ थंब' म्हणजे ठोकताळा, अंदाजानं चालणारा नियम, आणि त्याची गोष्ट फिरते की इंग्लंडात बायकोला अंगठ्याइतक्या जाड काठीनं मारायला कायद्यानं परवानगी होती. असा कायदा नव्हता. गोष्ट जितकी चटकदार तितका माझा संशय जास्त. आणि मूळ चुकलं तरी अर्थ बरोबर लागू शकतो हेही खरं. ओझरचा एक मुलगा होता, घरची बाग, त्यानं 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन' वाचलं आणि छाती ठोकून सांगितलं, मॅडम हे तर आमच्याकडचंच, थिनिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड विरळ करायला, बायका लागतात ना, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गप्पा चालू असतात, गावातली बातमी पेपरच्या आधी बागेत कळते. खरं मूळ अमेरिकेतलं, एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आलं तेव्हा तोंडातोंडी पसरणाऱ्या बातम्यांना लोक गमतीनं 'ग्रेपवाइन टेलिग्राफ' म्हणायला लागले. पण अर्थ पोरानं शंभर टक्के बरोबर लावला होता, कानोकानी कळलेली बातमी. मी त्याला पूर्ण मार्क दिले, आणि खरं सांगू, त्याची गोष्ट मला जास्त आवडते.

भाषांतराच्या चुकीतूनच ईडियम जन्माला आल्याचं एक उदाहरण माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. 'कॉल अ स्पेड अ स्पेड', जे आहे ते तोंडावर बोलणे. ग्रीकमध्ये तिथं फावडं नव्हतंच, परातीसारखं पोकळ भांडं होतं, परातीला परात म्हणणारी माणसं. सोळाव्या शतकात इरॅस्मस नावाच्या पंडितानं लॅटिनमध्ये घेताना त्याचं खणायचं हत्यार केलं, १५४२ मध्ये ते इंग्रजीत आलं आणि परातीचं फावडं झालं ते आजतागायत. एवढ्या मोठ्या पंडिताचं हे, तर माझ्या कार्टनचं काय घेऊन बसलात.

दुसरं वाक्य, 'द टॉक्स फेल थ्रू'. हा खरं तर ईडियमपेक्षा फ्रेझल व्हर्ब आहे, म्हणजे साध्या क्रियापदाला 'थ्रू', 'अप', 'डाउन' असा छोटा शब्द जोडला की अर्थच बदलतो तो प्रकार, आणि माझ्या मते वाचणाऱ्याला खरा त्रास हेच देतात, रायट ॲक्ट वर्षातून एकदा भेटेल, हे 'फॉल थ्रू', 'पुट अप विथ', 'गेट बाय', 'टर्न डाउन' पानापानावर. बोलणी फिसकटली, एवढाच अर्थ. याद्यांचा इथं उपयोग नाही. आपलं 'खाणे' बघा. मार खातो, भाव खातो, पैसे खातो, डोकं खातो, आपटी खातो, शेण खातो, गच्चीवर जाऊन वारा खातो, यातलं जेवण एकात तरी आहे का? कुणी पाठ करून घेतलं होतं आपल्याकडून? शंभर वेळा कानावर पडलं म्हणून आलं. इंग्रजीतल्या 'गेट' आणि 'पुट'चं तसंच होणार, ते वाचता वाचताच येतात, फक्त पहिल्यांदा भेटला की खाली रेघ मारायची आणि तिसऱ्यांदा भेटेल तेव्हा ओळख पटते का बघायची.

आणि यादी? नका करू पाठ. यादीत अर्थ असतो, माणूस नसतो. 'किक द बकेट' प्रत्येक यादीत, समोर लिहिलेलं असतं 'मरणे'. आता मराठीत वारले, गेले, देवाज्ञा झाली, खपला, गचकला, सगळ्याचा अर्थ मरणेच ना, पण दहाव्याला गेल्यावर 'काका कधी गचकले' विचाराल का? 'किक द बकेट' तिथला 'गचकला' आहे, थट्टेतला, आणि १७८५ च्या एका इंग्रजी कोशात सापडतो तोसुद्धा असभ्य बोलीच्या कोशात. 'पास्ड अवे' म्हणजे 'गेले'. हे यादी सांगत नाही, वाक्य सांगतं. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आपल्या शाळांतल्या निबंधात जितकं पडतं तितकं मी तरी कुठल्या हल्लीच्या कादंबरीत पडलेलं बघितलं नाही. ते जोनाथन स्विफ्ट या लेखकानं १७३८ मध्ये वापरलं होतं, आपण अजून भिजतोय.

वहीत काय लिहायचं ते सांगते. नुसता ईडियम नाही, अख्खं वाक्य, कोण कुणाला बोललं, आणि रागानं का गमतीनं. शेजारी मराठी साध्या भाषेत, वाक्प्रचारच सापडला पाहिजे असा हट्ट नको, हट्टानंच माझी कंबर कसली गेली होती. मराठी वाक्प्रचार पटकन सुचला आणि त्यात हात, पाय, पोट, जीभ असलं काही असलं, तर पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह. आणि तो ईडियम चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी भेटेपर्यंत स्वतःच्या लिहिण्यात वापरायचा नाही, वाचायला कळणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं.

डिक्शनरी घ्याल तर लर्नर्स डिक्शनरी घ्या, इंग्रजी परकी असलेल्यांसाठी केलेली. ही कल्पनाच जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी नावाच्या मास्तरांनी पुढे आणली, त्यांची पहिली आवृत्ती १९४२ मध्ये टोकियोत निघाली, त्यामुळे आपल्या अडचणी त्यांना घरच्या माणसांपेक्षा जास्त कळल्या. लाँगमनवाले तर अर्थ सांगायला साधारण २००० सोपेच शब्द वापरतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिन्हींच्या मोबाईलवर फुकट मिळतात. शोधायची युक्ती अशी की ईडियममधलं ठळक नाम घ्या, 'रेड हिम द रायट ॲक्ट'मध्ये 'रीड' खाली शोधाल तर हरवाल, 'रायट' खाली लगेच सापडेल, आणि 'हिम', 'हर' काढून तिथं 'समबडी' धरा. अर्थ वाचायच्या आधी खालची उदाहरणं वाचा. आणि अर्थाच्या आधी बारीक अक्षरात 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'डिसॲप्रूव्हिंग' असं काही असतं, आपण ते उडी मारून जातो, तेच तर खरं वाचायचं असतं. ब्रिटिश का अमेरिकन तेही बघा, कारण 'टेबल' हा एक शब्द ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणे आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोघांचे अधिकारी यावरून बराच वेळ भांडत बसले होते, आणि नंतर कळलं की दोघांनाही तेच हवं होतं, हे चर्चिलनंच लिहून ठेवलंय. मोबाईलवरचं भाषांतर वापरा पण साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नको, नावाजलेले ईडियम ते बरोबर देतं आणि मधेच कुठंतरी सरळ शब्दाला शब्द लावून मोकळं होतं, आणि दोन्ही वेळेला आवाज तितकाच ठाम.

राहिली म्हातारी. 'वेल, टू मेनी कुक्स.' हे तुम्हाला डिक्शनरीत मिळालं नाही कारण ते अर्धंच आहे. ओळखीची म्हण कोण पूर्ण बोलतं? आपण 'नाचता येईना' म्हणून थांबतो, 'गाढवापुढे वाचली' म्हणून हात झटकतो, पुढचं ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप वाजतं. त्यांचंही तसंच, 'व्हेन इन रोम', 'स्पीक ऑफ द डेव्हिल', 'द लास्ट स्ट्रॉ', सगळी शेपटं तुटलेली. म्हणून क्रियापद नसलेलं, विनाकारण संपलेलं वाक्य दिसलं की समजायचं इथं म्हण कापलेली आहे, आणि पहिले दोन-तीन शब्द सर्चमध्ये टाकून पुढचं काय सुचवतं ते बघायचं. पूर्ण म्हण 'टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ'. आमच्याकडे म्हणतात सात सुगरणी आणि भाजी अळणी. तुम्ही लिहिलंय की त्या प्रसंगात चार मावश्या मांडवाच्या फुलांवरून एकाच वेळी सूचना देतायत आणि म्हातारी कोपऱ्यात खुर्चीवर बसून आहे. तिला स्वयंपाकाचं काही म्हणायचंच नव्हतं, आणि मावश्यांना ऐकू जाऊ नये म्हणूनच ती अर्ध्यावर थांबली.